निळ्या शिक्क्याचं कुलूप

लातूर,
३ ऑगस्ट २०२५

प्रिय अण्णा,

नमस्कार. इकडं सगळे बरे आहोत. सगळे म्हणजे मी आणि अप्पा. पत्र बघून दचकू नको. फोनवर तुझ्याशी बोलायला लागले की अप्पा शेजारी येऊन बसतात, आणि मला बोलायचं असतं ते त्यांच्याबद्दलच. एसटी स्टँडावर आयुष्यभर गाड्या पुकारलेला माणूस, हळू आवाजात बोलणं त्यांना जमत नाही आणि मी हळू बोललेलं त्यांना सहन होत नाही.

तर पहिला प्रश्न. ते पाकीट तू का पाठवलंस? अप्पांनी कुलपं उघडायची हत्यारं मागितली आणि तू बंगळूरहून मागवून दिलीस, एकदा मला विचारावं वाटलं नाही? दाताच्या डॉक्टरकडं असतात तशा सळ्यांनी भरलेलं पाकीट. काही वाकड्या, काही करवतीसारख्या दातेरी. त्यातल्या अर्ध्याअधिक कशाला असतात हे त्यांनाही ठाऊक नाही. रोज मोबाईलवर व्हिडिओ बघतात आणि मला ऐकवतात, "नवशिक्यानं एवढं घ्यायचंच नसतंय. एक आखूड हुक, दोन ताणपट्ट्या, बास. तुझ्या अण्णानं सगळं दुकानच धाडलं." म्हणजे मागायचं त्यांनी, पाठवायचं तू आणि ऐकायचं मी.

सोबत ते पारदर्शक प्लास्टिकचं कुलूप आलंय, आतल्या पिना दिसतात ते. परवा ते उघडलं तर "उघडलं, उघडलं" अशी हाळी दिली की समोरच्या घरातले लोक गॅलरीत आले. लगेच कपाटाच्या कुलपाला हात घातला. ते आईच्या वेळचं जुनं, त्यात पिना नसतातच, चपट्या पट्ट्या असतात, आणि ही हत्यारं तिथं चालत नाहीत. हे कळलं ते हुकाचं टोक आत मोडल्यावर. करवतीनं कापून घ्यावं लागलं. तोवर आम्ही दोघं अंगावरच्याच कपड्यांत.

व्हिडिओवाल्याचे म्हणे दोनच नियम आहेत. आपलं नाही ते उघडायचं नाही, आणि रोजच्या वापरातल्या कुलपावर शिकायचं नाही. दुसरा त्यांनी मोडला. म्हणलं, पहिला तरी पाळा.

मी अजून थोडे दिवस आहे इथं. नांदेडला बिल्डिंगमध्ये रंगकाम चालू आहे, वासानं डोकं दुखतं.

वैनीला नमस्कार.

तुझी,
शिवगंगा


लातूर,
२४ ऑगस्ट

प्रिय अण्णा,

माझ्या एवढ्या पत्राला तू मोबाईलवर दोन ओळींत उत्तर दिलंस. "म्हातारपणी छंद पाहिजेच गं. शिवकुमार भावजी कसे आहेत?" आभारी आहे.

छंद कसा असतो ते ऐक. सकाळी आंघोळ, विभूती, पूजा, आणि मग खुर्चीत बसून कुलूप मांडीवर. चहा गार होतो. गंजगोलाईच्या बाजारात जाऊन तीन कुलपं आणली, तिन्ही एकाच जातीची, पितळी, निळा शिक्का असलेली. म्हणलं, शिकायचंच तर वेगवेगळी तरी आणायची. तर म्हणाले, "मला हेच पाहिजे." दुकानदारानं विचारलं असेल, एवढं काय आहे घरात ठेवायला?

आणि जमत तर काहीच नव्हतं. त्यांचा अंगठाच भारी. ती ताणपट्टी किल्लीच्या भोकात खाली अडकवून नुसती टेकवल्यासारखी धरायची असते. मग हुकानं एकेक पिन दाबून बघायची. जी मोकळी हलते तिला सोडायचं, जी अडल्यासारखी लागते ती पहिली. ती वर गेली की बारीक टक् होतं आणि कुलूप केसभर सरकतं. मग पुढची. हे दाबतात गाडीचा हँडब्रेक ओढल्यासारखं. सगळ्या पिना जाम. मग वैतागून सोडतात, की बसलेल्याही खाली येतात आणि पुन्हा पहिल्यापासून.

तू म्हणशील, तुला एवढं कसं कळतं? भाजी निवडत शेजारी बसून दिवसभर तेच ऐकलं तर भिंतीलाही कळेल. एकदा चिडून हातातनं ओढून घेतलं आणि उघडून दाखवलं. कौतुक नाही, काही नाही. म्हणाले, "आता बंद करून पुन्हा उघड." तेव्हापासून रोज संध्याकाळी मलाही बसवतात. शाळेत असताना पाढ्यांना कधी बसवलं नाही.

तुझे भावजी बरे असतील.

माझ्या गणिताच्या क्लासच्या मुलांच्या आयांचे फोन येतात, "मॅडम, सुट्टी लई झाली, पोरं ऐकून नाही राहिली." मी रंगकामाचं सांगते. तूही आता विचारू नको, रंग वाळायला वेळ लागतो.

शिवगंगा


नांदेड,
१४ सप्टेंबर

अण्णा,

पत्ता बघितला असशील. मी घरी आहे, माझ्या घरी. रंगकाम काही नव्हतं.

जूनमध्ये मी आठ दिवसांसाठी लातूरला गेले होते ना, अप्पांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. परत निघाले तेव्हा शेवयांची आणि पापडांची पिशवी धरून अप्पाही सोडायला आले. वर आलो तर जाळीच्या दाराला नवं कुलूप. मी ह्यांना फोन लावला. हे शांतपणे म्हणाले, "मला काही दिवस एकट्यानं राहायचंय. सध्या तिकडंच राहा. भांडण नको म्हणून कुलूप लावलंय." भांडण नको म्हणून! आमच्यात भांडण झालंच नव्हतं, अण्णा. झालं असतं तर मला काहीतरी कळलं असतं.

मी जिन्यात उभी राहून बोलत होते, रडत होते, आणि अप्पा त्या दाराकडं बघत होते. लातूरपर्यंत गाडीत खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं, अप्पांना काही वाटतच नाही. त्याचाही राग धरला मी. दारावरचं ते निळ्या शिक्क्याचं कुलूप अप्पा तेव्हा बघून ठेवत होते हे मला गोलाईतली तीन आल्यावरसुद्धा समजलं नाही.

गेल्या मंगळवारी म्हणाले, "चल, नांदेडला जाऊन येऊ." स्टँडावर उतरल्यावर खिशातनं ते पाकीट काढून दाखवलं.

"अप्पा, तुम्हाला वेड लागलंय का? लोक चोर म्हणतील."

"घर तुम्हा दोघांच्या नावावर हाय न्हाई? तुझी सही हाय न्हाई? मग कुणाचं कुलूप उघडून राहिलो मी?"

भरदुपारी, पेपर अंथरून, दारासमोर मांडी घालून बसले. समोरच्या शिवकांता मावशी बाहेर आल्या. मला वाटलं आता पोलिसांना फोन करतात. त्यांनी आतून पाट आणून दिला. "गुडघे दुखतील, ह्याच्यावर बसा. आणि शिवगंगे, एवढे दिवस कुठं होतीस गं? शिवकुमार म्हणले, ती गेली सोडून."

ते ऐकलं आणि अप्पांचा हातच बिघडला. अंगठा पांढरा होईस्तोवर दाबायला लागले. घाम हुकावर. "घरी तिन्ही उघडली होती की," एवढंच पुन्हा पुन्हा. पंख्याखाली बसून उघडणं वेगळं आणि जावयाच्या दारात बसून उघडणं वेगळं, हे सांगणार कोण?

शेवटी माझंच डोकं फिरलं. "सरका अप्पा. महिनाभर सांगून राहिले, ताण कमी द्या."

सरकले. हत्यार माझ्या हातात दिलं आणि पाटाच्या कडेला बसले. मागची पिन अडली होती, ती आधी घेतली. मग मधली. कुलूप उघडलं तेव्हा अप्पांनी हाळी दिली नाही. डोक्यावरची टोपी काढून तोंड पुसलं.

आतल्या दाराची किल्ली माझ्याकडं होतीच.

घरात काही वाईट दिसलं नाही. तेच जास्त झोंबलं. माझ्या फळ्यावर जूनमधलं गणित तसंच होतं. मी पुसलं, झाडून काढलं, कुकर लावला. अप्पा म्हणाले, "सामान घे, पाचची गाडी हाय." मी म्हणलं, "सामान कशाला? मी इथंच राहते." मला वाटतं, त्यांनी एवढ्यापर्यंत विचारच केला नव्हता.

संध्याकाळी हे आले. दारातनंच, "कुलूप कुणी तोडलं?"

"तोडलं न्हाई," अप्पा म्हणाले. "हे घ्या. जसंच्या तसं हाय."

कुलूप हातात घेऊन हे त्याच्याकडंच बघत बसले, माझ्याकडं नाही. मी म्हणलं, "उद्यापासून मुलं येणार आहेत. तुम्हाला राहायचं तर राहा, जायचं तर जा. पण मला काही सांगायचं असेल तर तोंडानं सांगा." ह्यांनी बॅग भरली आणि आईकडं भोकरला गेले. काल कोर्टाची नोटीस आली, अर्ज ह्यांनी आधीच केलेला. त्यात लिहिलंय की बायको न सांगता घर सोडून गेली. अण्णा, माणसाला राग यावा तरी कुठवर?

माझ्या वकीलबाई म्हणतात, कोर्टाच्या पहिल्या तारखेला माहेरचं कुणी सोबत असू दे. ती ह्याच महिन्याच्या तीसला आहे. अप्पा येणारच. पण त्यांना तिथं बोलता येणार नाही, आणि गप्प बसले की त्यांचा रक्तदाब वाढतो.

तू ये. "मिटवून घे" म्हणायचं असेल तर येऊ नको, तिकिटाचे पैसे वाचव. ते मी स्वतःला अख्खा पावसाळा म्हणून बघितलंय. वैनीला काय सांगायचं ते सांग, खरं सांगितलंस तरी चालेल. मुलांची सहामाही आली आहे, मला क्लास बुडवता येत नाही, नाहीतर मीच येऊन तुला घेऊन आले असते.

बाकी इथं सगळं ठीक आहे, असं या वेळी लिहीत नाही.

तुझी वाट बघते आहे.
शिवगंगा