मावशीची गोणी

॥ श्री ॥
जालना, २ डिसेंबर २०२४

ती. अक्कास,
सत्यशीलेचा सा. न. वि. वि.

तुझे कान गेल्यापासून फोनवर नुसतं ओरडणं होतं आणि शेवटी शेजारच्या केशरबाईलाच सगळं कळतं, म्हणून पुन्हा पत्रावर आले. सातवी पास बाई उत्तर पाठवते का, बघू.

दिवाळीत मेलेली तुझी बांडी शेळी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. दाजींनी पोट चिरलं आणि आतून प्लॅस्टिकच्या पन्नीचा हातभर गोळा निघाला. दाजींना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. आमच्या बचत गटानं आता नेमच केलाय, तो तूही कर. बाजाराला कापडी पिशवी ने, तेलाला डबा ने, शांपूच्या पुड्या बंद कर. आणि इतकं करूनही जी पन्नी घरात येईल, ती अंगणात किंवा उकिरड्यावर दिसता कामा नये. संक्रांतीला येईन तेव्हा एक जरी दिसली, तरी मी तुझ्या घरी जेवणार नाही, सांगून ठेवते.

शिवकन्येचे दिवस भरत आलेत. पहिलटकरीण लेक आहे, तिच्यावर फार डाफरू नको. दाजींना नमस्कार. माझा राग आणि माया दोन्ही सांभाळून घे.

तुझी,
सत्यशीला

॥ श्री ॥
कुंभार पिंपळगाव, १२ डिसेंबर

चि. सौ. सत्यशीला हिस,
बायनाबाईचे अ. उ. आ.

तू मावशीआजी झालीस. रविवारी शिवकन्येला मुलगी झाली. घनसावंगीच्या सरकारी दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी घरी आणली. वजन बराबर आहे, आवाज मोठा आहे म्हणतात. मला फक्त तिचं तोंड उघडलेलं दिसतं. बारसं संक्रांतीला, तू आलीस की करू.

बाळंतिणीला मधल्या खोलीत ठेवलंय. वारा लागू नये म्हणून खिडकीला पोतं ठोकलं. तिचा मोबाइल मी पेटीत कुलूप लावून ठेवलाय, सव्वा महिना डोळ्यांना ताण नको. तुझी भाची तोंड फुगवून बसलीय, बसू दे.

तुझा नेम चालू आहे. डबा घेऊन तेलाला गेले तर दुकानदार हसला, केशरबाई हसली. हसा म्हणावं. तरी दुधाची, बियाण्याची, पुड्यांची पन्नी घरात येतेच. पण तिच्यावर मला बिलकुल नामी युक्ती सापडलीय. आज उकिरड्यावर एक पन्नी दाखवून दे. तुझे दाजी खूश, शेळ्या खूश. युक्ती आत्ताच सांगत नाही, तू फार शहाणपणा करतेस. तुझ्याकडं साठली असेल तर तीही पाठव, मी मार्गी लावते.

रामेश्वररावांना आशीर्वाद. धाकटी असलीस तरी तुझं ऐकते, हे विसरू नको.

तुझी,
अक्का

॥ श्री ॥
जालना, २० डिसेंबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी गटात वाचून दाखवलं. बायांनी टाळ्या वाजवल्या. मीनाताई म्हणाल्या, अशी अक्का घरोघरी पाहिजे. मला इतका अभिमान वाटला की काय सांगू.

परवा ह्यांच्याबरोबर डिंकाचे लाडू पाठवले आणि पन्नीनं गच्च भरलेली गोणीही. आमच्या गल्लीत घंटागाडी आठवडा आठवडा फिरकत नाही. गोणी गेली आणि जिन्याखालची जागा मोकळी झाली. युक्ती काय ती असो, मला सुटल्यासारखं वाटलं.

एक विचारायचं होतं. हे बाळाला दारातूनच बघून आले. म्हणाले, खोलीत घशाला झोंबणारा वास होता, आमच्या मिलच्या भट्टीजवळ येतो तसा. मी म्हटलं, ओव्याची धुरी असेल. तेवढं कळव. शिवकन्या जेवते ना?

दाजींना नमस्कार. नातीच्या गालावर माझं बोट लाव.

तुझी,
सत्यशीला

॥ श्री ॥
कुंभार पिंपळगाव, ३० डिसेंबर

चि. सौ. सत्यशीला हिस,
अ. उ. आ.

लाडू छान झालेत, गूळ कमी पडला. पण तुझी गोणी खरी कामाला आली.

आता युक्ती सांगते. यंदा थंडी फार, आणि लाकडं ओली. बाजेखालची शेगडी काही केल्या धरेना, फुंकून फुंकून जीव जायचा. एक दिवस दुधाची पिशवी टाकली तर जल्दी भडकली. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ मूठ मूठ पन्नी शेगडीत. वर ओवा, शेपा, वावडिंग टाकते, म्हणजे वास मोडतो. बाळाला शेक मिळतो आणि पन्नीचं नाव राहत नाही. एका कामात दोन कामं झाली की नाही?

शिवकन्या कुरकुरते. आई, डोकं ठणकून राह्यलंय, दार उघड म्हणते. बाळ खोकतं म्हणते. मला ऐकू येत नाही, पण पाठीवर हात ठेवला की खोकला हाताला कळतो. बाळसं सर्दीशिवाय धरत नाही. ओठ जरा सावळे पडलेत, आपल्या आईवर गेलीय पोरगी.

तुझे दाजी शेळ्या घेऊन डोंगराकडं गेलेत, आठवड्यानं येतील. तू ये, तुझी वाट बघणं चालू आहे.

तुझी,
अक्का

जालना, ३ जानेवारी २०२५, दुपारी बारा

अक्का,

नमस्कार नंतर. तुझं पत्र आत्ता मिळालं. दाजींचा फोन लागत नाही, केशरबाईचा बंद आहे. तुला ओरडून कळणार नाही म्हणून ही चिठ्ठी ह्यांच्या हाती मोटरसायकलवर पाठवते.

वाचत उभी राहू नको. आधी दार उघड. खिडकीचं पोतं ओढून काढ, शेगडी बाहेर फेक. शिवकन्येला आणि बाळाला अंगणात आण. वारा लागला तर लागू दे. तो धूर विष आहे, अक्का. ओठ सावळे नाहीत, तिला श्वास मिळत नाही. मी गाडी करून मागोमाग निघते, तिथूनच जालन्याला दवाखान्यात जाऊ. गाडी आधी मिळाली तर माझ्यासाठी थांबू नको.

तुला काय बोलू? दिसता कामा नये, असं मीच लिहिलं होतं. तू दिसेनाशी केलीस. मी गोणीभर पाठवली आणि कुठं जाते ते विचारलंसुद्धा नाही. त्या शेगडीत माझ्या घरची पन्नी आहे. मला फार भीती वाटते, अक्का.

दार उघड.

सत्यशीला

॥ श्री ॥
कुंभार पिंपळगाव, ३ जानेवारी, सकाळ

चि. सौ. सत्यशीला हिस,
अ. उ. आ.

टपालवाला दहाला येतो, म्हणून घाईत चार ओळी. काल थंडीचा कहर होता, तुझी गोणी झटकून संपवली. शेगडी चांगली लाल धरली.

तुझी काळजी मिटली म्हणून लिहिते. बाळाचा खोकला थांबला. पहाटे पाठीवर हात ठेवून किती वेळ बसले, हाताला काहीच कळलं नाही. दूधही मागितलं नाही, इतकी शांत निजलीय. शिवकन्याही अजून उठली नाही. बिचारीला किती दिवसांनी झोप लागलीय. म्हणून हाक मारली नाही, दार तसंच ओढून घेतलं.

नातीच्या गालावर तुझं बोट लावलं. गाल जरा गार वाटला. दुसरी गोणी लवकर पाठव.

तुझी,
अक्का