न झालेली एक परतफेरी वजा करण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
सायकल वापर मोजणी व लाभ मूल्यमापन कक्ष,
नगरपालिका मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय : वार्षिक सायकल मोजणी अहवालात धरलेली, परंतु अर्जदाराच्या मयत पत्नीकडून प्रत्यक्षात न झालेली एक परतफेरी कमी करून मिळण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा पहिला अर्ज (‘वैयक्तिक स्वरूपाचा’ असा शेरा मारून परत).
२) आपल्या कक्षाचे पत्र, ‘परतफेरी न झाल्याचा पुरावा सादर करावा’.

महोदय,

१. अर्जदार शिवणयंत्रे दुरुस्त करतो. राहत्या घराच्या पुढच्या खोलीतच त्याचे काम चालते. मागचा अर्ज त्याने ‘मी’ असे लिहून दिला होता, तो परत आला. आपल्या कक्षातले आवक-जावक पाहणारे कारकून म्हणाले, “काका, अर्जात मी-माझं आलं की ते गाऱ्हाणं होतं. ‘अर्जदार’ लिहा, मग त्याचं प्रकरण होतं.” त्यांना अनुभव आहे, ते म्हणतात तसेच असेल. म्हणून या वेळी सगळीकडे अर्जदार लिहिले आहे. माणूस तोच आहे.

२. अर्जदाराची बायको नदीपलीकडच्या मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. रुग्णांच्या चादरी, उशांचे अभ्रे, शस्त्रक्रियेचे हिरवे कपडे गोळा करून घ्यायचे, धुवायचे, वाळले की घड्या घालून वॉर्डावॉर्डात पाठवायचे. पूर्वी ती बसने जात असे. बस आमच्या थांब्यावर येईपर्यंत भरलेली असायची आणि न थांबताच पुढे जायची. रोज उशीर, रोज बोलणी. शेवटी तिने सायकल घेतली. तेव्हा थोरलीचे लग्न होऊन गेले होते, म्हणजे बायकोचे वय काही सायकल शिकण्याचे नव्हते. अर्जदार मैदानात मागून सीट धरून पळत असे. “सोडू नका हं,” असे ती दर चार पावलांना म्हणायची. अर्जदाराने हात कधीच सोडला होता. तिला ते कळले तेव्हा आधी ती पडली आणि मग दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एकटीच मैदानात गेली.

रस्ता मोकळा असला तरी ती घंटी वाजवत जायची. धुलाईघरात तिला घंटीबाईच म्हणत. कोणी चिडवले तर म्हणायची, “कुत्र्या-मांजराला कळवलं म्हणून माझं काय जातं? घंटी काय भाड्याची आहे?”

३. घरून इस्पितळाकडे जाताना, पुलाच्या अलीकडे, सायकलींच्या पट्ट्यावर आपल्या कक्षाने रबरी नळी आडवी ठोकली आहे. तिच्यावरून सायकल गेली की खांबावरच्या पेटीत नोंद होते आणि वरच्या फलकावरचा आकडा एकाने वाढतो. फलकावर ‘आज तुमच्यासह इतके’ असे लिहिलेले आहे. बायकोला या फलकाचे फार अप्रूप होते. संध्याकाळी घरात पाऊल टाकल्या टाकल्या ती आधी आकडा सांगायची, मग चपला काढायची. गारठ्यात आकडा घसरला की गल्लीतल्या तरण्या पोरांना सुनवायची, “माझ्यासारख्या म्हातारीनेच ओढायचं का सगळं शहर?” तिच्या तोंडाच्या भीतीने आमच्या गल्लीतल्या दोघांनी सायकली घेतल्या. सायकल वापरात वाढ झाली असे आपल्या अहवालात म्हटले आहे, ते खरे आहे. अर्जदाराची त्याला हरकत नाही.

४. अर्जात काही लपवू नये म्हणून हेही नमूद करतो. एकदा ती नळीवरून गेली तेव्हा फलकावर चारशे नव्व्याण्णव आले. मागून कोणी येत नव्हते. तिने सायकल उचलून फुटपाथवरून मागे आणली, पुन्हा नळीवरून नेली आणि पाचशे करून मगच कामावर गेली. “नाहीतर दिवसभर डोक्यात तेच राहिलं असतं,” असे तिचे म्हणणे. हे अर्जदाराने भाबडेपणाने आपल्या कारकुनांना सांगितले. ते खूश झाले. म्हणाले, “मग झालं की काका! तेव्हाची एक जास्तीची, ही एक कमतीची. फिटंफाट!”

अर्जदाराच्या मते फिटंफाट होत नाही. ती फेरी तिने हौसेने केली होती.

५. घटना अशी. त्या दिवशी सकाळी ती नेहमीप्रमाणे नळीवरून गेली. संध्याकाळी काम आटोपून निघाली. परतीच्या बाजूला सायकलींचा पट्टा पुलावर चढायच्या आधीच संपतो आणि सायकल मोठ्या गाड्यांमध्ये येते. तिथल्या खांबांना दिवे नाहीत. तिथे पाण्याच्या टँकरने तिला मागून धडक दिली. टँकरवाला पळून गेला नाही. त्यानेच तिला उचलून कडेला घेतले आणि लोकांना हाका मारल्या. “घंटी ऐकू येत होती, पण दिसलं काही नाही,” असे त्याने पोलिसांना सांगितले. इस्पितळ मागे लांब राहिले होते आणि पूल ओलांडला की आमच्या वस्तीतला दवाखाना सर्वांत जवळ, म्हणून तिला गाडीत घालून तिथे आणले. अर्जदार पोचला तेव्हा ती गेलेली होती.

६. आपला अहवाल हरकती व सूचनांसाठी वॉर्ड कार्यालयात ठेवला आहे. अर्जदाराने तो तिथल्या बाकावर बसून वाचला. समजेल तेवढा समजला. मोजणीच्या पद्धतीबद्दल त्यात असे लिहिले आहे की, नळी फक्त जाण्याच्या बाजूला आहे आणि सकाळी गेलेला प्रत्येक सायकलस्वार संध्याकाळी परततो असे गृहीत धरून सकाळच्या आकड्याची दुप्पट करण्यात आली आहे.

म्हणजे तिची सकाळची एक फेरी धरली आहे आणि संध्याकाळची एक. संध्याकाळची तिने केली नाही. ती वर्षाच्या बेरजेत आहे. अर्जदाराची हरकत एवढीच आहे.

७. हरकत घेऊन अर्जदार आपल्या कक्षाच्या अभियंता साहेबांना भेटला. साहेब वयाने लहान, पण माणूस भला आहे. त्यांनी बसायला खुर्ची दिली, पाणी मागवले. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “काका, आम्ही माणसं मोजत नाही हो, चाकं मोजतो. लाखांच्या आकड्यात एकाने काय होतं?” अर्जदार म्हणाला, “काही होत नसेल तर काढून टाका.” त्यावर साहेबांनी अहवालाचे पान उलटले. मग म्हणाले, “एक काढली की सगळा गुणाकार मोडतो. उद्या प्रत्येकजण येईल.” अर्जदाराने विचारले, असे किती जण आहेत? त्यांना माहीत नव्हते. अपघाताचे आकडे वाहतूक शाखेकडे असतात आणि ते त्यांच्या अहवालात येतात, असे ते म्हणाले. अर्जदार वाहतूक शाखेतही जाऊन आला. तिथल्या तक्त्यात ती मेलेली आहे. आपल्या तक्त्यात ती घरी आलेली आहे. दोन्ही कार्यालये एकाच इमारतीत आहेत, मध्ये फक्त जिना आहे.

८. अहवालाच्या लाभांच्या प्रकरणात दर फेरीमागे इंधनाची बचत, धुरात घट आणि सायकलस्वाराच्या आयुष्यात पडणारी भर असा हिशेब मांडला आहे. आयुष्यातली भर मिनिटांत दिली आहे. त्या न झालेल्या फेरीपोटीही तिच्या आयुष्यात काही मिनिटांची भर पडल्याचे आपण जमेस धरले आहे. ज्या फेरीत ती गेली त्याच फेरीबद्दल. अर्जदार या मुद्द्यावर जास्त लिहू शकत नाही. दोनदा लिहून खोडले आहे.

९. पुलाजवळ दिवे लावावेत म्हणून अर्जदाराने वेगळा अर्ज दिला होता. त्याचे उत्तर असे आले की, मोजणीनुसार जाणाऱ्यांची व परतणाऱ्यांची संख्या समसमान आहे, त्यामुळे परतीचा रस्ता असुरक्षित असल्याचे दिसून येत नाही. अर्जदार हे उत्तर घेऊन थोरल्या मुलीकडे गेला. तिने वाचले आणि घडी घालून परत दिले.

थोरलीचे म्हणणे अर्जदाराने ही हरकत सोडून द्यावी असे आहे. ते आपल्याला कळलेले बरे, म्हणजे घरातून एकमत आहे असा समज व्हायला नको. ती म्हणाली, “बाबा, असू दे ना आई त्या आकड्यात. तेवढी तरी कुठेतरी आहे. तुम्ही तिथूनही काढायला निघालात.” अर्जदाराला यावर रात्रभर झोप आली नाही. सकाळी त्याने तिला जाऊन सांगितले की, सकाळची फेरी कोणी काढत नाही. ती तिची आहे, ती तशीच राहील. तिने केली ती ठेवायची, तिने केली नाही ती तिच्यावर लादायची नाही. थोरली म्हणाली, “बरं, तुम्हाला जे वाटेल ते करा.” मग आत जाऊन चहा टाकला.

१०. आता आपल्या कक्षाच्या पत्राबद्दल. त्यात परतफेरी न झाल्याचा पुरावा मागितला आहे. अर्जदाराने मृत्यूच्या दाखल्याची प्रत दिली. ती पाहून कारकुनांनी असे निदर्शनास आणले की, दाखल्यावर मृत्यूचे ठिकाण आमच्या वस्तीतला दवाखाना आहे. दवाखाना नळीच्या अलीकडे, म्हणजे घराच्या बाजूला. म्हणजे व्यक्ती पूल ओलांडून परत आलेली आहे. अर्जदार म्हणाला, तिला आणले. कारकून म्हणाले, “आणलं ते खरं, पण दिशा परतीचीच की.” अभियंता साहेब शेजारच्या टेबलावर होते. त्यांनी मान वर केली नाही.

मग सायकलचा मुद्दा निघाला. मोजणी चाकांची असते आणि पंचनाम्यानुसार सायकल अर्जदाराच्या घरी पोचलेली आहे, असा शेरा कागदावर मारला गेला. सायकल पोचली हे खरे आहे. पोलिसांनी ती हातगाडीवर घालून पाठवली. मागचे चाक वाकून घडी पडल्यासारखे झाले होते. हातगाडीवाल्याने ती दारात उतरवली आणि विचारले, “कुणाची आहे ही? आत ठेवू का?” एवढ्यावरून परतफेरी पूर्ण झाली असे आपल्या कक्षाने ठरवू नये, ही विनंती.

आपण म्हणाल, एवढ्या एका आकड्यासाठी हा माणूस काम टाकून जिने का चढतो आहे. शेजारीही तेच म्हणतात. लोक भेटायला येतात, म्हणतात, वाईट झाले, आता विसरा. अर्जदार त्यांना हो म्हणतो. पण ते निदान ती गेली असे तरी म्हणतात. सगळ्या शहरात आपला कक्ष एकटाच असा आहे, जो ती संध्याकाळी सुखरूप घरी आली असे छापून द्यायला निघाला आहे. येत्या सभेत अहवाल मंजूर झाला की त्यावर शिक्का बसेल. मग तेच खरे ठरेल.

११. तरी अर्जदाराची विनंती अशी की,

अ) त्या दिवसाच्या आकड्यातून एक परतफेरी कमी करावी. पूर्ण अहवाल बदलणे शक्य नसेल तर त्या पानाखाली एक ओळ छापावी. ओळ अशी : ‘या दिवशी सकाळी गेलेल्यांपैकी एक बाई परत आली नाही.’ नाव घालण्याची गरज नाही.

आ) यापुढे संध्याकाळीही मोजावे. नळी परतीच्या बाजूलाही ठोकावी. जितके गेले तितके आले का, ते घरी बसलेल्या माणसाला कळायला हवे.

इ) वरीलपैकी काहीच करता येत नसेल आणि ती परत आली हेच कार्यालयाचे म्हणणे कायम राहणार असेल, तर ती कुठे आली ते अर्जदारास लेखी कळवावे. त्या दिवशी अर्जदार दिवसभर पुढच्या खोलीतच कामाला बसला होता. दार उघडे होते. तो अजूनही संध्याकाळी दार उघडे ठेवूनच बसतो. आपल्या नोंदीप्रमाणे ती आली असेल तर एवढ्या दिवसांत दिसायला हवी होती.

सोबत : १) मृत्यूच्या दाखल्याची प्रत. २) पंचनाम्याची प्रत. ३) दिव्यांच्या अर्जाला मिळालेले उत्तर.

ठिकाण : राहते घर
दिनांक : सोमवार, अहवाल मंजुरीच्या सभेच्या आधीचा

आपल्या लेखी उत्तराच्या प्रतीक्षेत,
नम्र अर्जदार,
(सही)
धुलाईघरातल्या घंटीबाईचा नवरा