पांडूचा अर्ज

रत्नागिरी, १२ सप्टेंबर १९८५

लहानपणी पांडू खारवी आणि मी मागच्या पायरीवर एकाच पानात करवंदं खायचो. आज तो तिथेच उभा राहिला, बसला नाही. त्याच्या लाँचवरच्या वायरलेसच्या परवान्याचा, मी लिहून दिलेला इंग्रजी अर्ज परत आलाय. रेडिओलहरींची फेरवाटणी होईपर्यंत नवे अर्ज बंद.

तीन आठवडे तो अर्ज माझ्याच टेबलावर होता. का? तर सुबक अक्षरात, सवडीने लिहायचा म्हणून! तेव्हाच टपालात टाकला असता तर बंदीआधी पोचला असता. तीन आठवडे!

“सरकारनं दार लावलंन, ताय. तुमचा काय दोष?”

मी चक्क होकारार्थी मान हलवली. त्याचा मुलगा वायरलेसशिवायच खोल समुद्रात जाणार.

उद्या माझा ट्रान्झिस्टर त्याच्या मुलाला देणार, हवामानाच्या बातम्यांपुरता. पण त्याआधी पांडूला खरं सांगायचं, तोंडावर.