नंबर बदलायचा न्हाई

३ जुलै
मोसीन, तुझ्या डोक्याचा मला भरवसा नाही. शाळकरी होतास तेव्हा जाताना दप्तर घरी, येताना चप्पल शाळेत. आल्यावर विचारशील, "दादी, मी नव्हतो तवा काय काय झालं?" आणि मी सांगितलेलं संध्याकाळपर्यंत विसरशील. म्हणून लिहून ठेवायला लावते. मला अक्षर येत नाही, शेजारची वंदना लिहिते. अंगणवाडीत जन्म गेला तिचा, अक्षर दाणेदार. मधेमधे माझं बोलणं सुधारते. म्हणलं, सुधार, पण शिव्या हायत तशा ठेव.
तू गेलास त्याला उद्या चार महिने. आज सहा फोन. एक बी तुझा न्हाई.

४ जुलै
हे तुला ठाऊक आहे, पण विसरशील म्हणून. गाडीला काचपेटी बसवून गावोगाव बांगड्या विकायच्या, म्हणून तू फोनमधनं कर्ज काढलंस. मला न विचारता. हप्ते चुकले तसे कंपनीनं तुझ्या फोनमधले सगळे नंबर धरले. जमातीच्या सदरांना, म्हणजे अध्यक्षांना, फोन. तुझ्या मास्तरला फोन. सोयरीक ठरली होती त्या घरी तर तीनदा. सोयरीक मोडली. दुसऱ्या दिवशी तू फोन विहिरीत टाकलास आणि गेलास.
आकडा किती ते वंदनाला लिहू दिला नाही. आकड्यानं घर सोडलं नाहीस तू, लाजेनं सोडलंस.
आता सगळे फोन माझ्याकडं येतात. बाकीच्यांनी उचलणं बंद केलं, मी उचलते.

६ जुलै
चोंगे केले, गुळाच्या गोड पोळ्या तळून. मोहरमला चुकवायचे नाहीत म्हणून केले. सवयीनं पीठ चौघांचं मळलं, माझं एकीचं आणि तुझं तिघांचं. वंदनाला दिले, ताबुताला दिले, तरी उरले. तू असतास तर उरले नसते, मोजायला बी मिळाले नसते.
तां. ४, हि. १.

७ जुलै
वंदना म्हणते, "चाची, तां. आणि हि. काय ते लिहा, पोराला कळायचं न्हाई." तर असं: मला आकडे मांडता येत नाहीत म्हणून फोन आला की बरणीत काचेचा तुकडा टाकते. वाढलेल्या बांगड्यांची पाटी भरून आहे घरात. (फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं. बांगडीवालीचा नातू तू, एवढं तरी ध्यानात ठेव.) शिव्या देणाऱ्याचा तुकडा तांबडा. गोड बोलणारीचा हिरवा. सांगलीहून तुझ्या शमा आत्याचा आला तर पिवळा. मोरपंखी एक तुकडा वेगळा काढून देवळीत ठेवलाय. तो तुझा.
तां. ३, हि. २, पि. ०.

८ जुलै
हिरवी आज पोटभर बोलली.
"आजी, मोसीन मणेर आपले कोण?"
"नातू."
"ते सध्या कुठे आहेत?"
"तुमीच सांगा. तुमच्याकडं एवढी माणसं, एवढे फोन."
"आजी, आम्ही तुम्हाला विचारतोय."
"आन् मी तुमाला."
हसली. लगेच तोंड दाबलं असणार. मागनं टकटक आवाज येत होता, बटणं दाबल्याचा, पण काकणांचा नाही. विचारलं, "पोरी, हात मोकळा का गं?" म्हणाली, "ऑफिसमध्ये चालत नाहीत आजी, आवाज होतो." म्हणलं, "आन् तुमच्या त्या खोकल्याचा आवाज चालतो व्हय?" खोकल्या म्हणजे तांबडा. शिवी अर्धी झाली की खोकला येतो त्याला, मग पुढची अर्धी.
फोन ठेवला आणि एक गोष्ट ध्यानात आली. जमात तुझं नाव काढत नाही. मास्तर विसरला. दोस्त मला बघून गल्ली बदलतात. अख्ख्या दुनियेत तुला शोधणारे दोघंच. एक मी, एक ही कंपनी.

११ जुलै
शमा आली. सांगलीच्या विश्रामबागेतनं एसटीनं, उन्हाची, नवीन सिमकार्ड घेऊन.
"अम्मा, शाळेत हेडबाईंच्या समोर फोन आला मला. तुमचा भाचा चोर आहे म्हणाले. मी माझा नंबर बदलला, आता तुझा बदलू."
मुद्दल तिच्या नवऱ्यानं मे महिन्यातच भरलं. पावती आहे. आता हे लोक दंडावर दंड चढवून मागतात. पोलीस ठाण्यात तक्रार दिली तर साहेब म्हणाले, नंबर बदला. मोसीन, हे तुला कुठं ठाऊक आहे? तू अजून समजतोस तुझ्यापायी घर बुडालं. तुझ्या आत्यानं दोन वर्षं नवी साडी घ्यायची नाही असं ठरवलं आणि प्रकरण मिटवलं, एवढंच झालंय.
मी म्हणलं, "नंबर बदलायचा न्हाई."
"का?"
का म्हणजे? सहा वर्षांचा होतास तेव्हा आपल्या शिराळ्याच्या नागपंचमीच्या गर्दीत हरवलास. भोंग्यावर तुझं नाव पुकारलं तेव्हा सापडलास, एका पोलिसाच्या खांद्यावर, हातात कुणाचं तरी कणीस. त्या रात्रीपासनं दादाजींनी हा नंबर तुझ्याकडनं घोकून घेतला. जेवताना, आंघोळीला, निजताना. दादाजी गेले, नंबर माझ्याकडं आला. बापाच्या मौतीची तारीख विसरतोस तू, पण हे दहा आकडे नाही विसरायचास.
शमाला म्हणलं, "त्याला दुसरा कुठला नंबर पाठ हाय? सांग." ती सिमकार्ड फळीवर ठेवून चारच्या गाडीनं गेली. जायच्या आधी तिच्या हातातल्या दोन वाढलेल्या बांगड्यांच्या जागी नव्या भरल्या. हात सैल सोडला नाही पोरीनं. राग माणसाच्या हातात बसतो, मला ठाऊक आहे.

१४ जुलै
आज एक बी फोन नाही. सकाळी बरं वाटलं. दुपारी वंदनाला बोलावून फोन दाखवला. चालू आहे. रेंज आहे. म्हणलं, तुझ्या फोनवरनं लाव बघू. वाजला. उचलून हॅलो म्हणलं. मांडीला मांडी लावून बसलेली ती बी हॅलो म्हणाली. दोघी लय हसलो.
मग ती तिच्या घरी गेली.
बरणीत काही टाकलं नाही.

१७ जुलै
तां. १०. त्या रिकाम्या दिवसाची कसर काढली मेल्यांनी.
खोकल्यानं दादाजींच्या कबरीपर्यंत शिव्या नेल्या. डोकं फिरलं. त्यानंतर लगेच दहावा फोन. कुणी बोलेना. हॅलो म्हणलं, दोनदा, तीनदा. मागं भांडी आपटल्याचा आवाज, एका मोठ्या गाडीचा हॉर्न. ही नवी तऱ्हा असेल म्हणून मी ओरडले, "मोसीन मेला आमाला! परत ह्या नंबरवर फोन करू नका!"
कट झाला. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.
वंदना म्हणाली, "चाची, असं अभद्र बोलू नये."
तिला म्हणलं, तू लिही.

२२ जुलै
सकाळी खोकल्या. आज चढ्या आवाजात.
"ए म्हातारे, आम्हाला पत्ता लागत नाही असं वाटलं का? पुण्याच्या अलीकडच्या खंडाळ्याला, घाट उतरल्यावर धाबा आहे, तिथं भांडी घासतोय तुझा नवाब. माणसं पाठवतो आता!"
मी म्हणलं, "जित्ता हाय?"
"आं?"
"बारीक झालाय का? जेवतो का वेळेवर?"
"म्हातारे, मी काय बोलतोय..."
"अल्ला तुझं भलं करो, बाबा. चार महिन्यात पयला माणूस तू, त्याची खबर दिलीस. खोकल्याला अडुळसा घे, मधातनं."
फोन त्यानंच ठेवला. आजवर कधी त्यानं आधी ठेवला नव्हता.
वंदनाला मिठी मारली. तिनं साखर आणली. साखर तोंडात असतानाच आठवलं.
भांडी. भांड्यांचा आवाज.

सतरा तारखेचं पान वंदनाकडनं दोनदा वाचून घेतलं. तिला म्हणलं, खोड ते. ती म्हणाली, "खोडून काय हुतंय चाची, त्यानं ऐकलंय तर ऐकलंय." वंदना गोड बोलत नाही, म्हणून तर तिच्याकडनं लिहून घेते.
बरणीतला एक तांबडा तुकडा काढला. त्या दिवशीचा कुठला ते कसं कळायचं, सगळे सारखेच. त्याच्या जागी देवळीतला मोरपंखी टाकला.

२३ जुलै
पि. १. शमा म्हणते, ह्यांना घेऊन गाडीनं जाऊ, उचलून आणू. मी म्हणलं, मास्तर घरी आला होता तेव्हा मागच्या भिंतीवरनं उडी टाकून दोन दिवस उसात बसला होता पोरगा. जावई गाडीतनं उतरताना दिसले तर पुढच्या गावाला जाईल. त्या गावाचं नाव सांगायला खोकल्या बी असायचा नाही.
"मग कंपनीची माणसं आधी पोचली तर?"
जावई म्हणाले, असं सगळ्यांनाच सांगतात, कुणी येत नाही. असेल. पण आधी आपण.
पुण्याच्या एसटीवर शिंदे ड्रायव्हर आहेत. त्यांच्या लेकीचा लग्नचुडा मीच भरला. त्यांना विचारलं, डबा न्याल का. म्हणाले, "चाची, घाटाखाली धाबे तीन. आमची गाडी चहाला थांबते तो त्यातला एक. तिथं देतो डबा, पुढचं मला म्हाईत न्हाई." तीनातला एक. चालेल.
वंदना म्हणाली, चिठ्ठी घालू. नको म्हणलं. दुसऱ्याच कुणाच्या हाती लागली तर धाबाभर वाचतील, आणि पोराची लाज आणखी किती गावांत वाटायची? डबा दादाजींचा देते. वर त्यांचं नाव कोरलंय. ओळखेल.
आणि मला बी ओळखता येईल. जन्मात डबा धुऊन आणला नाही मोसीननं. खरकटा परत आला तर तोच.

२४ जुलै
भाकरी, भरलं वांगं, लसणाची चटणी. शिंद्यांच्या हातात दिला. बस वळेपर्यंत थांबले. पुढं बी थांबले.
हि. १. उचलला नाही. फोन मोकळा ठेवायचा होता, तुझ्यासाठी.

२५ जुलै
डबा आला. धुतलेला. असा घासलाय की दादाजींचं नाव नव्यानं कोरल्यासारखं दिसतं.
वंदना म्हणाली, "म्हंजे मोसीन न्हवं."
मी म्हणलं, अगं, आता तो दिवसभर तेच करतोय ना.
माझी खूणच गेली. उघडून बघितलं. सगळ्यात खालच्या कप्प्यात चिमूटभर साखर. कुणाचा डबा रिकामा परत धाडू नये, हे मीच शिकवलं तुला. पण शिराळ्यातली कुठली आई शिकवत नाही?
शिंद्यांना विचारलं, कुणी दिला? "गल्ल्यावर दिला हुता, गल्ल्यावरच मिळाला. आतलं मला दिसत न्हाई, चाची." कुणी काही बोललं? "न्हाई. गाडी सुटताना मागच्या दारात एकजण उभा हुता. म्या आरशातनं बघितलं. आरशात समदी सारखीच दिसत्यात."
साखर वंदनाला दिली नाही. एकटीनं खाल्ली.

नागपंचमी
सकाळपासनं ओसरीवर बायका. हिरवा चुडा, लाल चुडा, एकीला सोनेरी ठिपक्यांचा. दरसाल तू पेट्या उघडून द्यायचास. यंदा पेट्या बायकांनीच उघडल्या. हात दाबून दाबून माझी बोटं सुन्न. एवढे हात धरले दिवसभर, त्यातला एक बी माझ्या घरातला नाही.
भोंग्यावर हरवलेल्या पोरांची नावं पुकारत होते. निळा सदरा, वय पाच. पिवळा फ्रॉक, नाव सांगत नाही. प्रत्येक वेळी कान तिकडं.
फोन वाजला. माझ्या मुठीत एका नवरीचा हात, तीन बांगड्या अंगठ्याच्या हाडावर अडकलेल्या. तिथं सोडलं तर काच हातात घुसते. सोडता आलं नाही. वाजून वाजून थांबला. वंदनानं बघितलं, नवा नंबर. परत लावला, लागला नाही.
बिनरंगाचा तुकडा टाकला.

३१ जुलै
हि. १. "आजी, तुमचा नंबर अजून तोच? लोक बदलतात हो." म्हणलं, माझा न्हाई बदलायचा. मग हळूच म्हणाली, "सापडले का?" मी म्हणलं, "पोरी, तुला सांगितलं तर तू लिवून घेशील." म्हणाली, "हो, घ्यावं लागेल." मग दोघींनी बी फोन तसाच धरून ठेवला जरा.
मोसीन, खाडाखोड केली नाही वंदनानं. सतरा तारीख वाचशील तेव्हा बावीस बी वाच.
आता वंदना, तुझ्यासाठी लिही, तू बी काही कमी विसरत नाहीस. उद्या शिंदे सातला निघतात, डबा भरायला तू ये. वरच्या कप्प्यात दुधी भोपळ्याची भाजी घाल, बिनतिखट, गच्च भरून. भोपळा बघून मोसीन लहानपणी घर सोडून ओढ्यावर जायचा. खालच्या कप्प्यात चोंगे घाल, पाच, आज रात्री तळते. भोपळा तसाच परत आला आणि चोंगे संपले, तर पोरगं माझं. दोन्ही संपले, तर कुणा दुसरीचं उपाशी पोर आहे. मग परवा बी डबा पाठव, भोपळ्याच्या जागी वांगं घालून.