पुठ्ठ्यावरचा हिरवा डाग

चिमे,

आज गाडी काढू नकोस, बसने जा.

काल गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवला होता. सकाळी पाहिलं तर रेडिएटरच्या खालच्या पाइपाखाली हिरवा डाग. रेडिएटर शाबूत आहे, पंपही. कूलंट गळतंय ते पाइपाच्या सैल क्लिपमधून, आणि ती क्लिप गेल्या रविवारी मीच बसवली होती. इंजिन तापलं म्हणून जावईबापूंना उगाच फैलावर घेतलं. 'गाडी चालवता की नांगर हाकता,' असंही म्हणालो. चूक माझी होती, हे त्यांना सांग. मीही सांगेनच, पण आधी तू सांग.

सकाळी दोनदा क्लिप आवळायला बसलो. स्क्रूड्रायव्हर हातात नुसताच फिरतो, मूठ घट्ट वळत नाही. महिना झाला. डॉक्टरकडे जातोय, आईला म्हणावं, फिरायला गेलेत.

संध्याकाळी क्लिप तू आवळ. मग कूलंट भरून इंजिन दहा मिनिटं चालू ठेव आणि खाली कोरडा पुठ्ठा टाकून बघ. गरम असताना झाकण उघडायचं नाही, हे तुला सांगायला नको.

माझ्या हत्यारांच्या पेटीला कुणी हात लावलेला मला खपत नाही, ठाऊक आहे ना? तिची किल्ली चिठ्ठीवर ठेवली आहे. परत देऊ नकोस.

बाबा