अक्षरांतून आलेला डोंगर

प्रिय बाबा,

आधी हे सगळं वाचा, मग मला काय बोलायचं ते बोला. घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर आईकडून वाचून घ्या.

दरड कोसळतेय का त्यावर नजर ठेवायला आपल्या घरामागच्या डोंगरावर आमच्या कार्यालयानं कॅमेरा बसवला, तेव्हा खांबाला टेकू तुम्हीच करून दिला होतात. तिथला जुनाट रेडिओ फक्त साधी अक्षरं पाठवू शकतो, म्हणून फोटो अक्षरांत बदलून धाडतात. आमच्याकडे उतरतो तो इंग्रजी अक्षरांचा आणि आकड्यांचा नुसता ढीग, ना शेंडा ना बुडखा. त्याचा पुन्हा फोटो करणारा छोटासा प्रोग्राम मी लिहिलाय. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, एंटर दाबायचं, की डोंगर हजर. तुम्ही पाहिलंत तेव्हा म्हणालात, "बारके, हे तर सुटे भाग जोडून खुर्ची उभी करण्यासारखं झालं." अगदी तसंच.

आज सकाळी प्रोग्राम अडला. 'चुकीचं अक्षर' म्हणाला आणि थांबला. साहेब म्हणाले, "पावसानं सिग्नल बिघडला असेल, सोडून दे." माझं मन मानेना. पाहिलं तर ओळींच्या मधेमधे नको त्या खुणा घुसल्या होत्या. त्या गाळायची सोय केली, पुन्हा चालवला, आणि फोटो उघडला. तिरपा. झाडं तिरपी, आपलं छप्पर तिरपं.

बाबा, आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून वाटलं, माझंच काहीतरी चुकलेलं असू दे. मधली अक्षरं गळली तर चित्र असं तिरकं होऊ शकतं. कालची अक्षरं त्याच प्रोग्रामला दिली. डोंगर सरळ. आजची पुन्हा दिली. तिरपा. अक्षरं मोजून पाहिली, एकही गळलं नव्हतं. मग गवतातून आडवी गेलेली काळी भेग दिसली. काल ती नव्हती. खांबच कलला होता, तुमच्या टेकूसकट. डोंगर सुटायला लागला होता.

साहेबांना दोन्ही फोटो दाखवले. वस्ती हलवायचा हुकूम निघालाय, गाड्या जमवतायत. मी तुम्हाला फोन केला, तर "बघू" म्हणून ठेवून दिलात. गेल्या पावसाळ्यात दरडीच्या भीतीनं लोक तुम्हाला न्यायला आले तेव्हा "हे घर मी माझ्या हातानं बांधलंय" म्हणत तुम्ही आतून कडी लावून बसला होतात. आई बाहेरून रडत होती.

म्हणून आमच्या कार्यालयाच्या गाडीवरच्या ड्रायव्हरकाकांना खोटं बोलायला लावलं. मी जिन्यावरून पडले नाही, दवाखान्यातही नाही. माझं नाव काढलं की तुम्ही आईला घेऊन अनवाणी निघाल, हे मला ठाऊक होतं. गाडीनं गावाबाहेरचा पूल ओलांडल्याशिवाय हे पत्र द्यायचं नाही, असं काकांना बजावलंय. रागवा, वर्षभर बोलू नका, पण गाडी मागे वळवायला सांगू नका. पुढचा फोटो यायची वेळ केव्हाच टळलीय, आणि पडद्यावर एकही अक्षर उतरलेलं नाही.

तुमचीच, वाट बघणारी,
बारकी