उपाशी राहिलेलं आतडं

बाबा, आज मी वर्गात मोठ्या आतड्याचं अस्तर शिकवत होते. शरीरातल्या पेशींना अन्न रक्तातून मिळतं, पण या एका जागेच्या पेशी आपलं बरंचसं अन्न आतून घेतात, जंतूंच्या हातचं, असं सांगितलं. मुलींनी ते मुकाट्याने उतरवून घेतलं. मला तुम्ही आठवलात, म्हणून घरी येऊन हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन आता पंधरा वर्षं होऊन गेली.

अठ्ठ्याण्णवच्या गणपतीनंतर तुमच्या आतड्याला पीळ पडला होता. तुम्ही जेटीवर एका बोटीचं इंजिन खोललं होतं, तिथेच पोट धरून बसलात आणि मांडवीतल्या शेजाऱ्यांनी तुम्हाला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सडलेला भाग काढला, वरचं टोक पोटावर बाहेर आणून त्याला पिशवी लावली आणि गुदद्वाराकडचा खालचा तुकडा वरचं तोंड शिवून आत तसाच ठेवला. काही महिन्यांनी दोन्ही पुन्हा जोडू, असं ते म्हणाले होते. पण तुम्ही तो विषयच काढू दिला नाहीत. "एकदा वाचलो ना? आता परत त्या टेबलावर नाही चढायचा मी," एवढंच बोललात आणि पिशवी सांभाळून कामालाही जायला लागलात.

शिमग्याच्या सुमाराला एका सकाळी तुम्ही मागल्या दारी स्वतःची लुंगी धुताना मला दिसलात. जन्मात कधी कपडा न धुतलेला माणूस. मी पुढे होऊन बादली घ्यायला गेले, तर पाण्यात रक्त होतं. "बापाच्या कपड्यात काय बघतेस गो? जा, कॉलेजला जा," असे ओरडलात की मी तशीच मागे वळले. इतकं कडक तुम्ही माझ्याशी कधीच बोलला नव्हतात. संध्याकाळी मग तुम्हीच मला पायरीवर बोलावून घेतलंत. तो आतला तुकडा महिनाभर गळत होता, शेंब आणि रक्त. "कॅन्सर असेल बाय. आईला सांगू नको. तुझी परीक्षा होऊ दे." तुमचा आवाज अगदी शांत होता आणि मला त्या शांतपणाचीच भीती वाटली.

दोन दिवस मागे लागून मी तुम्हाला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नळीने आत पाहिलं, तपासायला अस्तराचा बारीकसा नमुना घेतला. आठवड्याने रिपोर्ट आणायला गेलो, तर तुम्ही बाहेरच्या बाकावरून उठेचनात, म्हणून मी एकटी आत गेले. कॅन्सर नव्हता. "तू मायक्रोबायॉलॉजीला आहेस ना? मग तुला कळेल," म्हणत डॉक्टरांनी कागदावर आतडं काढलं. आपल्याला न पचलेला चोथा आणि पिष्ट मोठ्या आतड्यात गेलं, की तिथले जंतू ते आंबवतात आणि त्यातून छोटी छोटी मेदाम्लं तयार होतात. त्यातलं ब्युटिरिक आम्ल हे अस्तराच्या पेशींचं मुख्य अन्न. ते मिळालं की पेशी एकमेकींना घट्ट धरून राहतात. तुमच्या खालच्या तुकड्याकडे जाणारी वाटच तोडलेली होती. तिथवर काही पोहोचत नव्हतं, म्हणून अस्तर सुजून रक्त येत होतं.

बाहेर येऊन मी तुम्हाला हे सांगितलं. तुम्ही मग म्हणालात, "म्हणजे तो तुकडा उपाशी आहे, म्हण ना." मी हो म्हटलं. "मग मी जास्त जेवलो तर?" मी म्हटलं, बाबा, कितीही जेवलात तरी ते पिशवीतच येणार, जोडल्याशिवाय त्याला घास मिळायचा नाही.

तरी तुम्ही तयार नव्हतात. म्हणून मी आमच्या मॅडमना विचारून प्रयोगशाळेतून ब्युटिरिक आम्लाचा एक थेंब कापसावर घेऊन, बूच लावलेल्या परीक्षानळीत घालून घरी आणला. स्वयंपाकघरात तुम्ही जेवायला बसला होतात. बूच काढलं मात्र, खवट लोण्याचा वास घरभर झाला. आई चुलीपाशी नाकाला पदर लावून म्हणाली, "काय मेलंय गो इथे?" तुम्ही मात्र नळी नाकाशी धरून पुन्हा पुन्हा वास घेत होतात. "ह्याच्यावर जगतं होय ते?" आणि हसलात. आजारपणानंतर पहिल्यांदा. त्या हसण्यावर मी आईलाही सगळं सांगून टाकलं. तिने तुमच्या ताटात आणखी भात वाढला आणि म्हणाली, "मे महिन्यात आंबे उतरायच्या आधी करून घ्या."

आणि तुम्ही करून घेतलंत. दुसऱ्या ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी उकड्या तांदळाची पेज प्यायलात. महिन्याभरात रक्त थांबलं, पावसाळ्यात डॉक्टरांनी पुन्हा नळी घालून पाहिलं तर अस्तर चांगलं गुलाबी दिसलं. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं तुम्ही जेवताना आईला म्हणत राहिलात, "घाल आणखी भाजी, आतल्यांना पण जेवायचं आहे." केळफूल, फणसाची कोवळी कुयरी, चवळी, रात्रीचा गार भात, सगळं आतल्यांच्या नावावर खपायचं. पाहुण्यांना आतले कोण ते कळायचं नाही आणि तुम्ही ते मुद्दाम सांगायचा नाहीत.

आता यात आणखी भर पडली आहे, बाबा. रक्त आणि मेंदू यांच्यामध्येही पेशींचा एक बांध असतो, नको ते आत जाऊ न देणारा. जंतूंशिवाय वाढवलेल्या उंदरांत तो गळका निघतो आणि ही आम्लं करणारे जंतू त्यांच्या पोटात सोडले की तो बराचसा घट्ट होतो. माणसांतही असंच होतं का, ते अजून नीट ठाऊक नाही, हेही मी मुलींना सांगते. तुम्ही असतात तर लगेच माझ्याकडून वदवून घेतलं असतंत की डोकंसुद्धा पोटाच्याच जिवावर चालतं, आणि जेटीवर जाऊन चौघांना ऐकवलं असतंत.

हे पत्र पेटीत टाकायचं नाहीच, तर एक सांगून टाकते. त्या दिवशी दवाखान्याच्या बाकापाशी मी तुम्हाला म्हटलं होतं, जोडल्यावर ते नक्की बरं होईल, असं डॉक्टर म्हणाले. ते 'बहुतेक' म्हणाले होते, बाबा. तो शब्द मी तुम्हाला सांगितलाच नाही.